इंग्रजीची पहिली पायरी : शिक्षक रवींद्रनाथ



दर वर्षी जून महिन्यात प्रवेशासाठी येणारे बहुतेक पालक मला एकच प्रश्न विचारतात. आमचा मुलगा इंग्रजी कधी बोलू लागेल? प्रश्न रास्त आहे. घरात उर्दू, मोहल्ल्यात मराठी आणि नोकरीच्या अर्जावर इंग्रजी, अशा तीन भाषांच्या तिठ्यावर आपले मूल उभे असते. सन २००० पासून तर महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आली. या प्रश्नाचे उत्तर मी पदरचे देण्याऐवजी आज एका थोर पुरुषाचे चरित्र आपल्यापुढे ठेवतो. राष्ट्रगीताचे कर्ते आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी म्हणून आपण रवींद्रनाथ टागोरांना ओळखता. परंतु लहान मुलांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके लिहिणारे लेखक म्हणून त्यांची ओळख फार थोड्यांना आहे. खरे सांगायचे तर बी.एड. होईपर्यंत मलाही ती नव्हती.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यातील जोडासांको येथील वाड्यात झाला. घर श्रीमंत, माणसे उदंड, पण लहान मुले नोकरांच्या ताब्यात. त्या काळी कलकत्त्यातील मोठ्या घरांत इंग्रजीचे वारे जोरात होते. अशा वेळी त्यांचे थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांनी एक हट्ट धरला. घरातील मुलांचे शिक्षण आधी बंगालीतून होईल, इंग्रजी त्यानंतर. लोक काय म्हणतील याची त्यांनी पर्वा केली नाही. रवींद्रनाथ या भावाचे उपकार जन्मभर मानीत आले.

शाळेचे मात्र त्यांना कधीच जमले नाही. एकामागून एक शाळा झाल्या. त्यांतील नॉर्मल स्कूलमधला एक प्रकार त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी सगळ्या मुलांना ओळीने बसवून इंग्रजी पद्याच्या काही ओळी सुरात म्हणायला लावीत. त्या ओळींचा अर्थ कोणी सांगत नसे. मुलांच्या तोंडी ते शब्द झिजून झिजून असे विचित्र झाले की ती इंग्रजी आहे की कुठल्या रानातली बोली, हे कळायला मार्ग उरला नाही. पुढे मोठेपणी, इंग्रजीवर प्रभुत्व आल्यावर, त्यांनी मूळ शब्द शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांना त्यातला जेमतेम एक तुकडा ओळखता आला.

वाचकहो, हे वाचले तेव्हा मी ओशाळलो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी दुसरीच्या वर्गाकडून पावसाला परत पाठवणारी ती प्रसिद्ध इंग्रजी कविता हातवाऱ्यांसह पाठ करून घेतली होती. स्नेहसंमेलनात टाळ्याही मिळाल्या. पुढे जूनमध्ये एका मुलाला मी सहज कवितेचा अर्थ विचारला. तो गोंधळून माझ्याकडे पाहतच राहिला. त्याचे अब्बा भाताची पेरणी करून आठ दिवस आभाळाकडे डोळे लावून बसले होते, आणि मी त्यांच्या मुलाकडून पावसाला घालवून देत होतो!

रवींद्रनाथांच्या घरी संध्याकाळी इंग्रजी शिकवायला अघोरबाबू येत. ते मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. माणूस चांगला, पण प्रकृतीने इतका धडधाकट की खाडा म्हणून नाही. मुसळधार पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की मुलांच्या आशा पल्लवित होत. एवढ्यात कोपऱ्यावर ओळखीची छत्री दिसे! दिव्याच्या मंद उजेडात प्यारीचरण सरकारांचे पहिले इंग्रजी पुस्तक उघडले की पेंग आलीच. शब्दांचे तुकडे पाडून, त्यांवर आघाताच्या खुणा करून छापलेले पुढच्या वाचनपुस्तकातले धडे त्या मुलाला काटेरी कुंपणासारखे वाटत. अघोरबाबू इंग्रजीचे सौंदर्य पटवण्यासाठी उत्साहाने कविता म्हणून दाखवीत, तेव्हा मुलांना हसू आवरत नसे.

आता उलट बाजू पाहा. थोडे मोठे झाल्यावर त्यांना ज्ञानचंद्र भट्टाचार्य नावाचे शिक्षक लाभले. शाळेचा अभ्यास या मुलाच्या गळी उतरत नाही हे पाहून त्यांनी सरळ शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ काढले. आधी बंगालीत अर्थ समजावून सांगायचा आणि मग त्या भागाचे बंगाली पद्य होईपर्यंत मुलाला खोलीत कोंडून ठेवायचे! कोंडण्याची शिफारस मी करीत नाही. पण स्वतःच्या भाषेचा दिवा हातात असला की अवघड इंग्रजीच्या घरातही मूल शिरू शकते, हे त्यातून दिसते.

सन १८७८ मध्ये, विलायतेला जाण्यापूर्वी, ते बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादला राहिले. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि त्यांचा मुक्काम शाहीबागेतील जुन्या मोगल महालात होता. भाऊ कचेरीत गेला की त्या रिकाम्या महालात सतरा वर्षांचे रवींद्रनाथ शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तके वाचीत. समजेल ते घ्यावे, न समजेल ते सोडून पुढे जावे, असा क्रम. वाचन झाले, पण बोलणे येईना. म्हणून त्यांना मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी काही आठवडे ठेवण्यात आले. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांचे सख्खे बंधू. त्यांची कन्या अन्नपूर्णा विलायतेत राहून शिकून आलेली. रवींद्रनाथांना इंग्रजी संभाषणाचे व तिकडच्या रीतिभातींचे धडे तिने दिले. त्यांनी तिला नलिनी हे नाव दिले आणि कवितेत ते गुंफले. एका मराठी घरातील शिकलेली मुलगी पुढच्या नोबेल विजेत्याची इंग्रजीची शिक्षिका होती, हे मुलींना सातवीनंतर शाळेतून काढणाऱ्या पालकांनी एकदा घरी सांगून पाहावे.

विलायतेत ते ब्रायटनच्या शाळेत आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. तेथे हेन्री मॉर्ले यांच्या तासांनी त्यांना इंग्रजी साहित्याची खरी गोडी लावली. सन १८८० मध्ये ते परतले. पदवी नाहीच.

सन १८९२ मध्ये त्यांनी बंगालीत शिक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातील तक्रार आजही आपल्या दारात उभी आहे. इंग्रजी वाचनमालेत बर्फाचे गोळे फेकणाऱ्या मुलांची किंवा गवत वाळवण्याच्या हंगामाची गोष्ट असते. इंग्रज मुलाला त्यात आपले अंगण दिसते. बंगाली मुलाला एकही चित्र दिसत नाही. त्याला फक्त शब्द दिसतात, आणि चित्र नसलेला शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना धड इंग्रजी येत नाही आणि धड बंगालीही, असेही त्यांनी लिहिले. आम्हा शिक्षकांना ते झोंबते, पण खोटे म्हणवत नाही.

पुढे शिलाईदह येथे जमीनदारी पाहत असताना त्यांनी आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले. इंग्रजीसाठी लॉरेन्स नावाचा एक इंग्रज ठेवला. या गृहस्थाला रेशमाच्या किड्यांचे असे वेड लागले की घरभर किडेच किडे झाले! असो.

२२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतन येथे त्यांची शाळा सुरू झाली. विद्यार्थी पाच, त्यांत स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. वर्ग झाडाखाली. पैशांची तंगी इतकी की पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले. वर्षभरातच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, त्या वारल्या. १९०३ मध्ये मुलगी रेणुका गेली. १९०४ मध्ये सतीशचंद्र राय हा अत्यंत आवडता तरुण शिक्षक गेला, १९०५ मध्ये वडील आणि १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र. घरात एकामागून एक असे मृत्यू होत असताना हा मनुष्य काय करीत होता? लहान मुलांसाठी इंग्रजीची प्राथमिक पुस्तके लिहीत होता! ‘इंग्राजी सोपान’ या पुस्तकाचे भाग याच वर्षांतले. सोपान म्हणजे पायरी. १९०९ मध्ये ‘इंग्राजी श्रुतिशिक्षा’ निघाले. इतका मोठा कवी, आणि पहिल्या इयत्तेच्या वाक्यांत रमलेला. मला तर ‘गीतांजली’इतकेच हे काम मोठे वाटते.

श्रुतिशिक्षा या नावातच पद्धत आली. मुलाने पुस्तक हातात घेण्यापूर्वी ती भाषा कानाने ऐकावी. शिक्षकाने सोपी आज्ञा द्यावी, मुलाने ती कृतीने पाळावी. मग त्याच वाक्यात एखादा शब्द बदलावा, पुन्हा ऐकवावे, पुन्हा करवून घ्यावे. व्याकरणाचा नियम पाठ करायचा नाही. तीच रचना निरनिराळ्या रूपांत इतक्या वेळा कानावरून जावी की ती अंगवळणी पडावी. समोरच्या वस्तू, आसपासचे प्राणी आणि चालू असलेली कामे हाच शब्दसंग्रह. अडले तर बंगालीचा आधार घ्यायला हरकत नाही.

माझ्या वर्गात मी हे करून पाहिले. ‘कम हिअर’ म्हटले की मूल उठून येते. मग ‘गो टु द डोअर’, नंतर ‘ओपन द डोअर’. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने स्वतः पुढे येऊन मलाच आज्ञा सोडली, आणि मी दार उघडले. तेव्हा सगळा वर्ग हसला. घरी हे करायला अम्मीला पदवी नको, चार आज्ञा पुरेत. मात्र मुलाशी जी भाषा आपण बोलता ती तोडू नका. उर्दू असो, मराठी असो, गोष्ट त्याच भाषेत सांगा.

मोठ्या मुलांसाठी त्यांनी १९१७ मध्ये ‘अनुवाद-चर्चा’ काढले. इंग्रजी उताऱ्याचे बंगाली करायचे आणि नंतर त्या बंगालीचे पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहायचे. दोन भाषांची वळणे कोठे वेगळी होतात ते मुलाला आपोआप दिसते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत रोज पाच ओळींवर हा प्रयोग करावा. वहीशिवाय खर्च नाही.

मधल्या काळात, १९१२ मध्ये, आजारपणात त्यांनी आपल्या कवितांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही आपल्याला इंग्रजी नीट लिहिता येत नाही ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही. चुकीच्या भीतीने बोलायचे टाळणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा. पिअर्सन आणि अँड्र्यूज हे दोन इंग्रज स्नेही पुढे शांतिनिकेतनात येऊन राहिले. पिअर्सन तर तेथील मुलांना शिकवण्यात रमूनच गेले. कीर्ती जगभर पसरली, विश्वभारती १९२१ मध्ये उभी राहिली, तरी पहिली पायरी रवींद्रनाथांनी सोडली नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९२९-३० मध्ये, त्यांनी ‘इंग्रेजी सहज शिक्षा’ लिहिले आणि १९३० मध्ये बंगाली बालवाचनाचे ‘सहज पाठ’. एकाच हाताने, एकाच सुमारास, मातृभाषेची आणि इंग्रजीची पहिली पुस्तके!

फेब्रुवारी १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने पदवीदान समारंभाच्या भाषणासाठी त्यांना बोलावले. तेथे आजवर सारी भाषणे इंग्रजीत होत. ते बंगालीत बोलले.

७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रकृतीमुळे त्यांना विलायतेस जाणे शक्य नव्हते, म्हणून विद्यापीठाचे प्रतिनिधी शांतिनिकेतनात आले. शाळा अर्धवट सोडलेल्या, विलायतेहून पदवीविना परतलेल्या त्या मुलाच्या अंगणात तो समारंभ झाला. मानपत्र लॅटिनमध्ये वाचले गेले आणि रवींद्रनाथांनी उत्तर दिले ते संस्कृतात. बरोबर एक वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, जोडासांकोच्या त्याच वाड्यात त्यांचे निधन झाले.