डॉ. कोटणीस, दोन व्हीसीडी आणि मी

तर झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत कोपरीला घरी गेलो होतो. ठाणे स्टेशनला दहा नंबर प्लॅटफॉर्मकडून पूर्वेला उतरलं की चालत आमचं घर. साफसफाईत माळ्यावरून बाबांचा जुना डीव्हीडी प्लेअर आणि एक खोका निघाला. खोक्यात व्हीसीडी! आपल्यापैकी निम्म्यांच्या लॅपटॉपला आता सीडीचा ड्राइव्हसुद्धा नसतो, त्यामुळे मी ती चकती पुरातत्त्व खात्याच्या नजरेने बघत बसलो. कव्हरवर नाव होतं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’.

आजोबा मूळचे सोलापूरचे. नाव ऐकताच त्यांनी फराळाची बशी बाजूला ठेवली आणि सिनेमा आत्ताच्या आत्ता लावायचा हुकूम सोडला. कारण कोटणीसही सोलापूरचेच!

मित्रांनो, शाळेत धड्यात किंवा सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलं असेल. पण नाव माहीत असणं वेगळं आणि माणूस माहीत असणं वेगळं. म्हणून आधी माणसाबद्दल सांगतो, मग सिनेमाकडे वळू.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. डॉक्टर झाले ते मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. त्या काळात जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चीनचे सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांच्या पुढाकाराने वैद्यकीय पथक उभं राहिलं. पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून त्यांची बोट सुटली तेव्हा कोटणीस २७ वर्षांचे होते. म्हणजे आपल्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठे. आपण त्या वयात पॅकेजचा हिशेब करत असू!

चीनमध्ये असतानाच घरून वडील गेल्याची बातमी आली. परत फिरायला कुणी नावं ठेवली नसती. पण ते परतले नाहीत, १९३९ च्या सुरुवातीला येनानला पोहोचले. पुढे डॉ. बसूंबरोबर थेट आघाडीच्या मागच्या डोंगराळ भागात गेले. तिथे त्याआधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांच्या खांद्यावर आली. एका मोठ्या मोहिमेत तर त्यांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले आणि सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो आणि चार दिवस त्याचं कौतुक सांगत फिरतो. असो.

तिथेच त्यांची गाठ क्वो छिंगलान या परिचारिकेशी पडली. पहिली भेट कुठे, तर बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात! हा परका डॉक्टर चिनी बोलतो आणि लिहितोही, याचं तिला मोठं अप्रूप वाटलं. २५ नोव्हेंबर १९४१ ला लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव इन्हुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, संसाराला वर्ष होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना, कोटणीस गेले. वय ३२.

आता सिनेमा. १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं, त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये हा चित्रपट काढला. राजकमल स्टुडिओ परळलाच, म्हणजे कोटणीस जिथे शिकले त्याच भागात. नायक स्वतः शांताराम, नायिका जयश्री. गंमत बघा, खऱ्या कोटणीसांच्या वडिलांचं नाव शांताराम, आणि पडद्यावर मुलगा झाला तोही शांताराम! तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, ते दिसतंही. पण डोळ्यांतली तळमळ अशी आहे की आपण वय विसरतो. जयश्रीबाई चिनी वाटतात का? नाही. पण आवडतात का? हो! वसंत देसाईंचं संगीत अजूनही कानाला गोड लागतं. युद्धाच्या धामधुमीत फुललेलं प्रेम असूनही उगाच गळ्यात गळे नाहीत, हे मला सगळ्यात भावलं. दोघं आधी एकमेकांचं काम बघतात, मग एकमेकांना. प्रेमकथा म्हणून माझ्याकडून दहापैकी आठ.

व्हीसीडीला मात्र दहापैकी तीन, तेही दया म्हणून. एका चकतीवर साधारण ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून सिनेमाचे दोन तुकडे. पण तुकडा कुठे पाडायचा याला काही अक्कल? ऐन प्रसंगात वाक्य अर्धवट तोडून पहिली चकती संपते! ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र आणि जुनी ओरखड्यांची प्रिंट, त्यामुळे अंधारातल्या दृश्यांत माणसं कमी आणि चौकोनी ठोकळे जास्त. सबटायटल नाहीत. खरा कोटणीस कोण होता याची एक ओळ कव्हरवर नाही. काढणाऱ्या कंपनीने निदान जन्म-मृत्यूची सालं तरी छापायची! घरच्या पिढ्यान् पिढ्या ज्या चकतीतून हा माणूस ओळखणार, तिच्यावर एवढं तरी हवं.

कारण खरी गडबड पुढेच आहे. सिनेमात कोटणीस प्लेगच्या साथीशी लढतात, लोकांना वाचवतात आणि शेवटी त्याच प्लेगने जातात. आमच्या घरात सगळ्यांचे डोळे ओले. तेवढ्यात आजोबा म्हणाले, की प्लेग कसला, कोटणीस फिट येऊन गेले.

घरात एकदम शांतता. आईने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

कारण मित्रांनो, मला फिट येतात. अकरावीपासून. रात्री नऊला मी जी गोळी घेतो ती व्हिटॅमिनची नाही. प्रवेशाच्या वेळी हॉस्टेलच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं. आईनेच तसं सांगितलं होतं. मुलाला कुणी वेगळं वागवू नये, एवढाच तिचा हेतू.

मग मी शोधून शोधून वाचलं. आजोबा बरोबर होते. कोटणीसांना अपस्मार होता. तब्येत ढासळली तरी त्यांनी काम थांबवलं नाही. रुग्ण बघायचे, शिकवायचे, विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत होते. शेवटी एकामागून एक झटके आले आणि ते गेले.

शांतारामबापूंनी हे का बदललं असेल? माझा अंदाज असा, की प्लेग म्हटला की प्रेक्षकाला शत्रू समोर दिसतो. प्लेगाशी लढून मेलेला वीर असतो. फेफरं येऊन मेलेला माणूस नुसता बिच्चारा वाटतो. सिनेमाला वीर हवा होता. पण मला विचाराल तर त्यांनी नायक मोठा करायला जाऊन थोडा लहानच केला. पुढचा झटका कधी येईल हे माहीत नसताना हातात शस्त्रक्रियेचं हत्यार घेऊन उभं राहायला काय लागतं, ते मला विचारा. मी तर वर्कशॉपला लेथ मशीनसमोर उभा राहतानाही मनातल्या मनात देवाचं नाव घेतो. माझे दोन गुण तिथेच कापले गेले.

छिंगलानबाई पुढे भारतात येऊन गेल्या, २०१२ मध्ये वारल्या. इन्हुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे. तिकडे त्यांना ‘ख दीहुआ’ म्हणतात. फिट येणाऱ्या त्या माणसाला एका अख्ख्या देशाने आपलं नाव दिलं. मग मी माझ्याच विंगमधल्या पोरांपासून काय लपवत बसलो होतो?

सुट्टीवरून आल्यावर मी फॉर्म दुरुस्त करून रेक्टर सरांना दिला. त्यांनी वाचला, घडी केली आणि चहा मागवला. बस्स. मी तीन वर्षं उगाच घाबरत होतो.

आता तुमच्यासाठी, कारण उद्या मेसच्या रांगेत मी पडलोच तर : कांदा किंवा चप्पल हुंगायला देऊ नका. दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या खुर्च्या-टेबलं हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटका ओसरला की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी फिट आली तर १०८ ला फोन करा. नाहीतर नुसते शेजारी बसा. मी उठेन, जरा गोंधळलेला असेन, आणि माझं ताट कुणी पळवलं ते विचारेन.

आणि हो, त्या दोन्ही चकत्या मी हॉस्टेलवर आणल्या आहेत. कुणाकडे चालू प्लेअर असेल तर शनिवारी कॉमन रूममध्ये बघू. पहिली चकती संपली की वाक्य मी पूर्ण करीन, आणि सिनेमा संपला की शेवटही.