भिंतीवरचे स्पीकर आणि मोटवाने नावाचा माणूस

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला काट्याचा जुना मल्टिमीटर कधी नीट बघितलाय? त्यावर ‘मोटवाने’ हे नाव असण्याची बरीच शक्यता आहे. मला ते दिसलं आमच्या बीडच्या रूमवर. आयटीआयला असलेल्या मैत्रिणीकडून मीटर आणला होता आणि भंगारात निघालेल्या टीव्हीचे दोन स्पीकर तपासत बसले होते. कारण साधं होतं. आम्ही तिघी एकाच मोबाइलवर लेक्चर ऐकायचो. टेबलाजवळच्या दोघींना ऐकू यायचं, दाराजवळ बसणारीला नुसती कुजबुज.

मागे बसलेल्याला ऐकू येत नाही, हीच अडचण नानिक मोटवाने यांच्यासमोर होती. फक्त त्यांची ‘रूम’ म्हणजे हजारो माणसांचं मैदान होतं.

नानिक यांचा जन्म 1902 चा, घर सिंधी. वडील ज्ञानचंद यांनी 1909 मध्ये सक्कर या गावात टेलिफोन आणि विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला. तो पुढे कराचीला आणि तिथून मुंबईला आला. माल अमेरिकेतून यायचा, दुकानाच्या नावातलं ‘शिकागो’ही तिथलंच. याच शिकागो रेडिओचे भोंगे पुढे देशभर वाजले.

आता जरा विचार करा. आपल्याकडे सावरगावचा दसरा मेळावा असो की गावातला हरिनाम सप्ताह, भोंगा नसेल तर पाचव्या रांगेच्या मागे काय पोहोचेल? स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभा कित्येक वर्षं तशाच व्हायच्या. गांधीजींचा आवाज मुळात हळू. लोक कोसावरून चालत यायचे, त्यांना लांबून बघायचे आणि न ऐकताच परत जायचे. नानिक यांना हे खटकलं. आपल्या दुकानात यावरचं औषध आहे, हे त्यांना दिसलं.

मार्च 1931 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कराचीत भरलं. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तरुण संतापलेले होते, वातावरण तापलेलं होतं. मूलभूत हक्कांचा ठराव इथलाच. अशा वेळी शब्द अर्धवट ऐकू येणं परवडणारं नव्हतं. त्या अधिवेशनाला मोटवाने यांनी ध्वनिवर्धक पुरवले. त्यानंतर काँग्रेसच्या सभा आणि त्यांचे भोंगे हे समीकरणच झालं. खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, भोंगे बांधायचे आणि सभा संपली की सगळं उतरवून पुढच्या गावी. नेहरूंचे जुने फोटो बघा, माइकवर ‘शिकागो’ ही अक्षरं ठळक दिसतील. त्यात धंदा नव्हता असं नाही. ही जाहिरातच होती. पण सरकारला नको असलेल्या माणसांच्या तोंडापुढे आपलं नाव लावायला छाती लागते.

त्याची किंमत 1942 मध्ये मोजावी लागली. ‘चले जाव’नंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताई तेव्हा 22 वर्षांच्या. आज माझं जे वय आहे तेच! या केंद्राला यंत्रसामग्रीची मदत शिकागो रेडिओतून झाली. 12 नोव्हेंबर 1942 ला पोलिसांनी केंद्र पकडलं. खटल्यातल्या पाच आरोपींमध्ये नानिक मोटवानेही होते. मे 1943 मध्ये उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. तेव्हा आपलं बीड निजामाच्या राज्यात होतं आणि तिथल्या स्टेट काँग्रेसवर बंदी होती. त्यामुळे चोरून का होईना, आवाज ऐकू येण्याची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलीच ठाऊक असणार.

स्वातंत्र्यानंतरही मोटवाने यांचं काम चालू राहिलं. कंपनीचा कारखाना नाशिक रोडला उभा राहिला. 1970 मध्ये नानिक गेले.

त्यांचा भोंगा आणि आमचा टीव्हीतला स्पीकर, आत तत्त्व एकच. चुंबकात तारेची गुंडाळी, त्यातून आवाजाचा करंट गेला की गुंडाळी पुढे-मागे हलते आणि पडदा हवा ढकलतो. मैदानात आवाज लांब फेकायला कर्णा लागतो. रूमवर खोका आणि भिंत पुरते.

तुम्हालाही करायचंय? चार ओमचे दोन स्पीकर घ्या. मीटरवर चारपेक्षा थोडं कमी दिसलं तरी ते ठीक आहेत. काटा हललाच नाही तर गुंडाळी तुटलीय. सुताराकडून प्लायवूडचे उरलेले तुकडे आणून दोन बंद खोके करा. खोका हवाच, नाहीतर पडद्याच्या मागचा आवाज पुढच्याला मारतो. आत जुन्या उशीचा थोडा कापूस भरा. पीएएम 8403 नावाचं छोटं अॅम्प्लिफायर बोर्ड घ्या, ते पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालतं. प्लस-मायनस दोन्हीकडे सारखंच जोडा. पण दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा एकमेकींना जोडू नका, बोर्ड जळेल. भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू लावा आणि खोके बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे टांगा. वर टांगलेत तर थोडे खाली झुकवा. भिंतीमुळे खर्ज वाढतो, पण अगदी कोपऱ्यात लावले तर आवाज घुमतो.

आमचे स्पीकर थोडे वाकडे बसलेत, एका खोक्याला फेव्हिकॉलचे ओघळ आहेत. पण परवा लेक्चर सुरू झालं तेव्हा दाराजवळची म्हणाली की आवाज कमी कर, मला नीट ऐकू येतंय. मीटर परत द्यायचा होता. द्यायच्या आधी त्यावरचं नाव मी तिला दाखवलं.