नेपोलियनची अखेरची सूचना

विद्यार्थिमित्रहो, नेपोलियन बोनापार्ट हें नांव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेंच असेल. सन १८०३ मध्यें आपल्या गोदावरीच्या खोऱ्यांत, असई येथें, मराठ्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हाच पुढें वॉटर्लूस नेपोलियनचा जेता ठरला. तेव्हां हा फ्रेंच बादशहा आपणांस अगदींच परका नाहीं. त्याच्या लढाया सर्वश्रुत आहेत. आम्ही आज त्याच्या चरित्रांतील एक घरगुती प्रकरण सांगणार आहों.

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजीं कॉर्सिका बेटावरील अजाक्सियो या गांवीं झाला. पिता कार्लो वकील होता. कुटुंब मोठें व पैसा बेताचा. वयाच्या दहाव्या वर्षीं मुलास फ्रान्समधील लष्करी शाळेंत धाडण्यांत आलें. पुढें तो पॅरिस येथें शिकत असतां, २४ फेब्रुवारी १७८५ रोजीं, कार्लो माँपेलिए शहरीं मरण पावला. त्याचें वय अवघें ३८ होतें. वैद्यांनीं शव तपासलें, तेव्हां जठराच्या खालच्या तोंडाशीं मोठी गांठ आढळली.

पितृहीन झालेला हा मुलगा १८०४ मध्यें फ्रान्सचा बादशहा झाला, १८१२ मध्यें रशियाच्या स्वारींत त्यानें अफाट सैन्य गमावलें, आणि १८१५ मध्यें वॉटर्लूच्या पराभवानंतर इंग्रजांनीं त्यास सेंट हेलेना या एकाकी बेटावर बंदींत ठेविलें.

तेथें त्याची प्रकृति ढासळली. पोटांत कळा येत, ओकाऱ्या होत, अन्न जाईना, शरीर झिजूं लागलें. आपल्या पित्याचाच रोग आपणांस जडला असावा, अशी शंका त्याच्या मनांत घर करून बसली. त्याचा दहा वर्षांचा पुत्र दूर व्हिएन्ना येथें आजोळीं वाढत होता. २८ एप्रिल १८२१ रोजीं नेपोलियननें आपला डॉक्टर आंतोमार्की यास बजावलें, कीं मरणानंतर आपलें शव उघडून जठर विशेष बारकाईनें पाहावें व जें आढळेल तें मुलास कळवावें, म्हणजे त्यास या रोगापासून सावध राहतां येईल. ज्याचें राज्य गेलें होतें, त्या पित्याजवळ मुलास देण्यासारखी ही एक ठेव उरली होती.

५ मे रोजीं, ५१ व्या वर्षीं, तो निवर्तला. दुसऱ्या दिवशीं शवपरीक्षा झाली व जठरांत मोठा, कठीण व्रण दिसला. पुत्र मात्र १८३२ मध्यें, २१ व्या वर्षीं, क्षयानें वारला.

नेपोलियनचा तर्क खरा होता काय? सन २००७ मध्यें संशोधकांनीं जुने अहवाल पडताळून रोग जठराचा कर्करोगच ठरविला. परंतु त्याचें मूळ रक्ताच्या वारशापेक्षां जठरांतील जंतूंमुळें झालेल्या जुनाट दाहांत असण्याचा संभव त्यांनीं अधिक मानला. या रोगाचे बहुतेक रोगी असेच असतात. वंशपरंपरेनें येणारा प्रकार थोडा, पण खरा आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या तरुण माणसें या रोगानें दगावत होतीं. त्या कुटुंबानें आपली वंशावळ संशोधकांपुढें ठेविली, आणि १९९८ मध्यें सदोष जनुक सांपडलें. तें ज्याच्या ठायीं असतें, त्याच्या प्रत्येक अपत्यास तें मिळण्याचा संभव निम्मा असतो. हा प्रकार जठराच्या अस्तराखालीं लपून पसरतो. दुर्बिणीनें तपासूनही कधीं कधीं दिसत नाहीं. म्हणून आधींच सावध होण्याचें मोल मोठें आहे.

आपल्या नाशिकांत रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक घराण्यांच्या पिढ्यांचीं नांवें मिळतात. परंतु आजोबा कशानें गेले, हें विचारल्यास घरींदारीं पोटदुखीनें गेले एवढेंच उत्तर मिळतें. पालकांनीं हें मौन सोडावें. एका घराण्यांत दोघांस जठराचा कर्करोग झाला असेल, एकास पन्नाशीच्या आंत झाला असेल, किंवा त्याबरोबर घरांतील स्त्रियांस स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. त्यांत लाज नाहीं आणि कुळास बट्टाही नाहीं.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत आजीजवळ बसा, कोण कोणत्या वयांत व कोणत्या आजारानें गेलें तें विचारा, आणि वहींत टिपून ठेवा. नेपोलियनचीं राज्यें लयास गेलीं; मुलासाठीं त्यानें दाखविलेली ही दक्षता मात्र आजही अनुकरणीय आहे.