हृदयाच्या झडपेत 'दगड' कसा तयार होतो? केईएमचे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांची लढाई

डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. ते खरंच आहे. पण त्याच्या बरीच वर्षं आधीपासून हे सर्जन एका वेगळ्याच शत्रूशी झुंजत होते. तो शत्रू म्हणजे हृदयाची आजारी झडप आणि तिच्यात साचणारं कॅल्शियम.

कोण होते डॉ. सेन?

जन्म ७ डिसेंबर १९१५, कलकत्ता. डॉक्टर झाले मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून. केईएम हे याच कॉलेजचं हॉस्पिटल आणि पुढे तीच त्यांची कर्मभूमी ठरली.

१९४०चं दशक संपता संपता ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. वेळ अगदी मोक्याची होती. याच शहरात १९४८ मध्ये चार्ल्स बेली या सर्जनने धडधडत्या हृदयातली अरुंद झालेली झडप उघडून दाखवली होती. तोवर हृदयाला हात लावायचाच नाही, असं बहुतेक डॉक्टर मानत.

घसादुखीपासून हृदयापर्यंत

सेन परतले तेव्हा आपल्याकडे संधिवाताच्या तापाचे, म्हणजे रुमॅटिक फिव्हरचे, रुग्ण भरपूर होते. याची सुरुवात होते साध्या घसादुखीने. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो. काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती गोंधळते आणि जंतूसोबत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र व्रण राहतात. दाटीवाटीच्या घरांत हा जंतू जास्त पसरतो. म्हणून हा गरिबांचा आजार मानला गेला.

सगळ्यात जास्त मार बसतो तो मायट्रल झडपेला. निरोगी माणसात ती उघडते तेव्हा साधारण ४ ते ६ चौरस सेंटीमीटर वाट मोकळी होते. व्रणांमुळे तिच्या पाकळ्या कडेने चिकटतात आणि वाट १ चौरस सेंटीमीटरपर्यंतही येऊ शकते. मग रक्त फुप्फुसांत तुंबतं, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झोपवत नाही.

बोटाने केलेलं ऑपरेशन

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएममध्ये या झडपेची ऑपरेशन्स सुरू केली. हृदय थांबवून काम करता येईल असं हार्ट-लंग मशीन तेव्हा हाताशी नव्हतं. त्यामुळे हृदय धडधडत असतानाच त्याच्या डाव्या वरच्या कप्प्यातून बोट आत घालायचं, झडप चाचपायची आणि चिकटलेल्या पाकळ्या बोटानेच सोडवायच्या. डोळ्यांना काहीच दिसत नसे, सगळा भरवसा बोटाच्या स्पर्शावर.

झडप मऊ असेल तर पाकळ्या सुटायच्या आणि रुग्णाला मोकळा श्वास मिळायचा. पण कधी बोटाला मऊ पडद्याऐवजी खडबडीत, दगडासारखं काहीतरी लागे. ते कॅल्शियम असायचं. अशी झडप बोटाने नीट उघडत नाही. जोर लावला तर ती भलतीकडेच फाटण्याची किंवा कॅल्शियमचा कण सुटून रक्तासोबत मेंदूत जाण्याची भीती. इथे सर्जनचे हात टेकायचे.

हा दगड येतो कुठून?

नागपुरात इतवारीतल्या एखाद्या जुन्या घरात बोअरच्या पाण्यावर चालणारा गिझर उघडून बघा. कॉइलवर क्षारांचा पांढरा थर दिसेल. झडपेतही असंच होत असेल, असं आपल्याला वाटतं. पूर्वी डॉक्टरही असंच समजायचे. झडप झिजली, वय झालं, थर बसला.

आज चित्र वेगळं आहे. झडपेच्या पाकळ्या पातळ असतात आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडझाप करतात. व्रण, जळजळ किंवा चरबीचे कण यांनी पाकळी दुखावली की तिच्यातल्या पेशी बिथरतात आणि हळूहळू हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. त्यातून जे खनिज साचतं ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, म्हणजे आपल्या हाडांत आणि दातांत असतं त्याच जातीचं. काढून टाकलेल्या काही झडपांमध्ये तर चक्क हाडाची ऊती सापडली आहे.

थोडक्यात, गिझरमधला थर बाहेरून बसतो. झडपेतला दगड शरीर स्वतः आतून घडवतं.

पुढे काय झालं?

सेन एका जागी थांबले नाहीत. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला थेट आतल्या पोकळीतून रक्त मिळतं, हे लक्षात घेऊन त्यांनी हृदयाच्या भिंतीला बारीक छिद्रं पाडण्याचे प्रयोग केले. त्यावरचा शोधनिबंध १९६५ मध्ये आला. पुढे लेझरने हेच करून बघितलं गेलं.

मग १६ फेब्रुवारी १९६८. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते. सेन असं ऑपरेशन करणारे जगातले चौथे सर्जन ठरले. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातही रुग्ण वाचला नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९९४ मध्ये आला. भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपणही त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये झालं. २२ जुलै १९८२ रोजी सेन गेले. हे दोन्ही त्यांना बघायला मिळालं नाही.

आज दगड विरघळतो का?

नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी झडपेतलं कॅल्शियम वाढणं थांबेल अशी आशा होती, पण मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. आज बोटाच्या जागी फुगा आला आहे. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन मायट्रल झडप फुग्याने उघडतात. पण कॅल्शियम जास्त असेल तर फुग्याचंही फारसं चालत नाही, मग झडप बदलावी लागते. वयानुसार कडक होणारी महाधमनीची झडप आता छाती न उघडताही बदलता येते. २००२ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा हे झालं.

तुमच्या कामाचं काय?

• दूध-दही खाल्ल्याने झडपेत कॅल्शियम साचत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचून बंद करू नका. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

• मुलाचा घसा ताप येऊन दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा.

• संधिवाताचा ताप येऊन गेलेल्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं जातं, अनेकदा वर्षानुवर्षं. बरं वाटतंय म्हणून ते सोडू नका. ताप पुन्हा आला की झडपेवर नवे व्रण पडतात आणि दगडाची सुरुवात तिथूनच होते.