तंजावरचे सरफोजी महाराज : राज्य गेले, विद्या राहिली

स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, ही आपल्या मंडळाची प्रथा आहे. शिवराय, टिळक, फुले, सावित्रीबाई यांच्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. या वेळी महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर राहून मराठी जपणाऱ्या एका भोसले राजाची ओळख करून द्यावी असे वाटले. हे राजे म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी. आपणही घर सोडून दिल्लीत स्थायिक झालेली माणसे आहोत. त्यामुळे त्यांची गोष्ट आपल्याला जरा जास्तच जवळची वाटेल.

वादात सापडलेला दत्तक

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापन केले. कावेरीच्या सुपीक मुलखातले हे मराठी राज्य पुढे पावणेदोनशे वर्षे टिकले. सरफोजींचा जन्म १७७७ चा. ते भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतले. तुळजाजी महाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ च्या सुरुवातीस, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांना केली.

पण दत्तक शास्त्रोक्त नाही, असा निर्णय तेव्हा दिला गेला आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर बसले. मुलाची रवानगी जवळजवळ कैदेतच झाली. श्वार्ट्‌झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या. शेवटी १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवण्यात आले. तिथे त्याचे इंग्रजी शिक्षण झाले, शास्त्रांची गोडी लागली. पुन्हा चौकशी झाली, पंडितांची मते पुन्हा मागवली गेली आणि तोच दत्तक आता योग्य ठरला. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. हा दिवस पाहायला श्वार्ट्‌झ मात्र राहिले नव्हते. चार महिने आधीच त्यांचे निधन झाले होते. सरफोजींनी लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. मृत्युशय्येवरचे गुरू आणि शेजारी तरुण राजा असे ते दृश्य आहे. राजा स्वतः आयुष्यभर आपल्या धर्मात राहिला, हे मुद्दाम सांगायला हवे.

एका वर्षात राज्य गेले

गादी मिळाली ती मोठी किंमत देऊन. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि मुलखाच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस, पदवी महाराजांची आणि हातात फौज नाही, वसुली नाही, न्यायनिवाडा नाही.

अशा स्थितीत बरेच संस्थानिक शिकार, नाचगाणी आणि कर्ज यांत बुडाले. सरफोजींना बाहुले म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांनी इंग्रजांशी लढा दिला नाही, ही गोष्ट खरीच आहे. पण उरलेल्या पैशाचे आणि उरलेल्या वेळेचे त्यांनी जे केले, ते पाहिले की त्यांना नुसते बाहुले म्हणणे पटत नाही.

ग्रंथ, छापखाना, दवाखाना

तंजावरच्या वाड्यात जुन्या राजांपासून चालत आलेला पोथ्यांचा संग्रह होता. त्याचे सरफोजींनी मोठे ग्रंथालय केले. तेच आजचे सरस्वती महाल. परदेशातून हजारो छापील पुस्तके त्यांनी मागवली. १८२० मध्ये ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले, तेव्हा तिथूनही हस्तलिखिते आणली. या ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदांची शेकडो गाठोडी.

१८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि त्याचे नाव ठेवले नवविद्याकलानिधी. तिथे १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती, हे लक्षात घ्या. महाराजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटकही आहे. त्यात गाण्यांतून पृथ्वीचा भूगोल सांगितला आहे.

धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि युरोपीय औषधविद्या शेजारी शेजारी नांदत. डोळ्यांच्या रुग्णांची नोंदवही ठेवली जाई. त्यात रुग्णाची लक्षणे, केलेले उपचार आणि आजारी डोळ्याचे रंगीत चित्र असे. दोनशे वर्षांपूर्वीच्या या केस पेपरचे आजच्या नेत्रतज्ज्ञांनीही कौतुक केले आहे.

रंगीत झाडांची चित्रे

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. माझे पोट ड्रॉइंगवर चालते. डिप्लोमानंतर रेल्वेत लागलो तेव्हा ट्रेसिंगवर शाईने रेघ ओढण्यात वर्षे गेली. म्हणून जुनी वनस्पतिचित्रे पाहिली की पहिले लक्ष रेघेकडे जाते.

फोटो नव्हते, त्या काळी झाड ओळखायचे ते चित्रावरूनच. औषधी झाड चुकले तर रोग्याच्या जिवाशी गाठ. म्हणून चित्र सुंदर असण्यापेक्षा अचूक असणे महत्त्वाचे. चित्रकार आधी ताज्या फांदीवरून चित्र काढी. मग कोरक्या तांब्याच्या पत्र्यावर ते उलटे कोरी. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. छपाई काळीच होई. रंग नंतर हाताने, एकेका प्रतीवर भरावे लागत. नमुन्याचे रंगवलेले पान समोर ठेवून कारागीर काम करीत. युरोपात या कामाला बायका आणि मुलेही असत. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत पानांचा हिरवा रंग कधी सारखा मिळत नाही. जुन्या अस्सल चित्रात पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकोनी खळगीसारखा बोटाला लागतो. पुढे दगडावरची रंगीत छपाई आली आणि हे कष्टाचे काम मागे पडले.

या कलेत आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. डच गव्हर्नर व्हॅन रीड यांनी मलबारच्या झाडांवर १२ खंडांचा ग्रंथ तयार केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची कोकणीतली साक्ष पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापली आहे. पुढे रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींची चित्रे हिंदी चित्रकारांकडून काढून घेतली. त्यांतली ३०० निवडून १७९५ पासून सुमारे पंचवीस वर्षांत लंडनमध्ये कोरली, छापली आणि हाताने रंगवली गेली. तंजावरजवळच्या डॅनिश वसाहतीत, तरंगंबाडीत, लिनियसचे शिष्य कोनिग आणि त्यांच्यानंतरचे मिशनरी झाडे गोळा करीत होते.

सरफोजी वाढले ते या वातावरणात. त्यांच्या संग्रहात हाताने रंगवलेली युरोपीय कोरीव चित्रे आली. चीनमधील शिक्षांची तसली चित्रे सरस्वती महालात आजही पाहायला मिळतात. पण ते केवळ विकत घेऊन थांबले नाहीत. त्यांनी दरबारच्या चित्रकारांना झाडे, पक्षी आणि प्राणी समोर ठेवून चित्रे काढायला लावले. देवदेवतांच्या तसबिरी सोन्याच्या वर्खाने मढवणारे तंजावरचे हात आता पानाच्या शिरा आणि फुलाच्या पाकळ्या मोजू लागले. औषधी वनस्पतींची अशी चित्रे ग्रंथालयात आहेत. महाराजांनी रेसिडेंट टोरिन यांना भेट दिलेला निसर्गचित्रांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एरवी इंग्रज अधिकारी हिंदी चित्रकारांकडून आपल्यासाठी चित्रे काढून घेत. इथे मात्र काय काढायचे हे एक मराठी राजा ठरवीत होता. माझ्या मते या संग्रहाची खरी किंमत यातच आहे.

१८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले. लिनियस, बफाँ, लाव्हाझिए यांच्याविषयी हा राजा सहज बोलतो, हे पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहून ठेवले.

शेवट आणि आपण

७ मार्च १८३२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी सरफोजी वारले. मुलगा दुसरा शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसाविना गेला आणि डलहौसीच्या राजवटीत तंजावरचे राज्य संपले. त्याच्या वर्षभर आधी झाशीचा दत्तकही कंपनीने नाकारला होता. लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्यांना ती कथा वेगळी सांगायला नको. एकाच कंपनीने १७९८ मध्ये सोयीचे होते म्हणून एक दत्तक मान्य केला आणि १८५४ मध्ये गैरसोयीचे होते म्हणून दुसरा फेटाळला. शास्त्र तेच होते, सोय बदलली होती.

राज्य गेले, पण ग्रंथालय गेले नाही. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तंजावरकडे आजही मराठी घरे आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ मिसळले आहे, पण ती मराठीच आहे.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचा मुक्काम सरकारी क्वार्टरमध्ये. बदली झाली किंवा निवृत्ती आली की सामान बांधायचे. अशा वेळी आजोबांचे मोडी कागद, आजीची ओव्यांची वही, एखादे जुने चित्र आधी रद्दीत जाते, कारण ते वाचणारा घरात कोणी उरलेला नसतो. सरफोजींनी पोथ्या सांभाळल्या म्हणून तंजावरची मराठी आज आपल्याला वाचता येते. मंडळाने अशा कागदांची एक यादी करावी, ज्यांना मोडी येते त्यांनी मुलांना महिन्यातून एकदा शिकवावी, असे मी सुचवतो. आणि सुट्टीत दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी तमिळनाडू एक्सप्रेसने चेन्नई गाठावे, एग्मोरहून कुंभकोणम मार्गे तंजावरला उतरावे. मोठे मंदिर तर पाहालच, पण भिंतीवरची मराठी अक्षरे आणि वाड्यातले ग्रंथालय पाहिल्याशिवाय परतू नका.

विद्येची देवता असलेला गजानन आपल्या मुलाबाळांना अशीच बुद्धी देवो. गणपती बाप्पा मोरया!