विश्लेषण : माहूरपासून औशापर्यंतचे किल्ले सुलतानाच्या मुठीत आणणारा महमूद गवान कोण होता? त्याचा घात कुणी केला?

उदगीर म्हटले की १७६० ची मराठे आणि निजाम यांची लढाई आठवते. माहूर म्हटले की रेणुकामाता. कंधारला राष्ट्रकूटांचा वारसा आहे आणि औशाचा भुईकोट किल्ला लातूरकरांच्या सुट्टीतल्या फेरफटक्याचे ठिकाण. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या या चार किल्ल्यांना जोडणारा एक धागा मात्र फारसा सांगितला जात नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी हे चारही किल्ले बीदरच्या बहमनी सुलतानांच्या राज्यात होते. ते कुणाच्या ताब्यात असावेत, सुलतानाच्या की बड्या सरदारांच्या, या वादातून एका वजिराचा जीव गेला आणि त्यानंतर राज्यही टिकले नाही. त्या वजिराचे नाव महमूद गवान.

व्यापारी की वजीर?

गवानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमधल्या गिलान प्रांतात झाला. त्याचे घराणे तिथल्या राजांच्या पदरी मंत्रिपदावर होते. दरबारातल्या हेव्यादाव्यांमुळे त्याने देश सोडला, व्यापार पत्करला आणि वयाच्या चाळिशीनंतर, १४५३ मध्ये तो कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. तिथून तो बीदरला आला. बहमनी राजधानी तेव्हा गुलबर्ग्याहून बीदरला येऊन जेमतेम पाव शतक झाले होते. उदगीरहून आज बीदर गाठायला दीड तासही लागत नाही. म्हणजे आजच्या लातूर आणि नांदेडचा मुलूख हा तेव्हा राजधानीचे अंगण होता.

सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याने या पाहुण्याची हुशारी हेरून त्याला एक हजारी सरदार केले. तेलंगणातले बंड मोडण्याची पहिली कामगिरी गवानने पार पाडली. पुढच्या सुलतानाने, हुमायूनशहाने, त्याला मलिक-उत-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा किताब दिला. नावात व्यापार असला तरी हा दरबारातला फार मोठा मान होता. विजापूरची सुभेदारीही त्याच्याकडे आली.

१४६१ मध्ये हुमायूनशहा वारला तेव्हा वारस निजामशहा अवघा आठ वर्षांचा होता. कारभार पाहायला तिघांचे मंडळ नेमले गेले : राजमाता नर्गिस बेगम, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान. मूल गादीवर आहे म्हटल्यावर शेजारी गप्प बसणार नव्हतेच. माळव्याचा महमूद खिलजी चालून आला, बहमनी सैन्य हरले आणि बीदरला वेढा पडला. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा मदतीला आला म्हणून राजधानी वाचली. निजामशहा १४६३ मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला भाऊ मुहंमदशहाही नऊ-दहा वर्षांचाच. मंडळातला ख्वाजा जहान तुर्क सगळी सत्ता आपल्याकडे ओढू लागला, तेव्हा राजमातेच्या पुढाकाराने १४६६ मध्ये त्याला भर दरबारात ठार केले गेले. पुढे राजमातेने कारभारातून अंग काढून घेतले. गवान वकील-उस-सल्तनत झाला. सुलतानाचा प्रतिनिधी म्हणून राज्य चालवणारा माणूस, असे हे पद होते.

राज्याचे दुखणे कोणते होते?

दोन दुखणी होती. पहिले दुखणे दरबारातल्या गटांचे. एका बाजूला दख्खनी, म्हणजे इथे पिढ्यानपिढ्या राहिलेले मुसलमान सरदार. स्थानिक धर्मांतरित घराणी आणि हबशी सरदार बहुधा यांच्याच बाजूने असत. दुसऱ्या बाजूला आफाकी, म्हणजे इराण, इराक, मध्य आशियातून आलेले. भांडण मानपानाचे होते, तसे पदांचे आणि जहागिरींचेही होते. गवान येण्याआधी कोकणातल्या मोहिमेत शिर्क्यांकडून मार खाऊन परतलेल्या आफाकी सैनिकांची चाकणला कत्तल झाली होती, तीही स्वतःच्याच राज्यातल्या दख्खनी सरदारांकडून. दोन्ही बाजू ती जखम विसरल्या नव्हत्या.

दुसरे दुखणे नकाशातच होते. राज्याचे चार मोठे सुभे होते. त्यांना तरफ म्हणत आणि सुभेदाराला तरफदार. दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि तेलंगण अशा या तरफा. राज्य जसजसे पसरले तसतशा त्या फुगत गेल्या. तरफदाराकडे स्वतःचे सैन्य, महसूल आणि किल्ले. किल्लेदारही तोच नेमणार. मग बीदरच्या सुलतानाचे ऐकायचे कशाला? सुलतान वयाने आणि मनगटाने मोठा असेपर्यंत हे चालले. लागोपाठ दोन मुले गादीवर बसल्यावर धोका उघड झाला.

गवानने नेमके काय बदलले?

आधी त्याने राज्य वाढवले. १४६९ ते १४७२ या काळात कोकणात मोहीम काढून त्याने संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला. चाकणच्या प्रकरणाची सुरुवात ज्या मुलखात झाली तोच हा मुलूख. १४७२ मध्ये विजयनगरच्या ताब्यातले गोवा बंदर जिंकले. घोड्यांचा व्यापार समुद्रमार्गे होत असल्याने त्याचे मोल मोठे होते. पाठोपाठ बेळगावचा किल्ला पडला. तिथे तटाखाली सुरुंग लावून दारूने भगदाड पाडल्याची नोंद आहे.

मग त्याने घरातला पसारा आवरायला घेतला. चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडचे दोन भाग झाले, गाविलगड आणि माहूर. दौलताबादमधून जुन्नर वेगळे काढले, गुलबर्ग्यातून विजापूर, आणि तेलंगणाचे राजमहेंद्री व वरंगळ असे तुकडे झाले. आजच्या नांदेड जिल्ह्यातले माहूर सुभ्याचे ठाणे झाले ते या फाळणीमुळे. तिथे खुदावंतखान हबशी याला नेमले. गाविलगड फतहउल्ला इमाद-उल-मुल्ककडे गेले. हा मूळचा विजयनगर राज्यातला ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. दौलताबाद युसूफ आदिलखान या आफाकी सरदाराकडे. नेमणुका करताना दोन्ही गटांना वाटा मिळेल हे त्याने पाहिले, स्वतः आफाकी असूनही.

पण खरी मेख फाळणीत नव्हती. ती किल्ल्यांच्या नियमात होती. प्रत्येक तरफदाराने आपल्याजवळ एकच किल्ला ठेवायचा, बाकी सगळ्या किल्ल्यांवरचे किल्लेदार थेट सुलतान नेमणार, असे ठरले. म्हणजे सुभा सरदाराचा, पण त्यातल्या किल्ल्यांच्या किल्ल्या बीदरच्या हातात. शिवाय प्रत्येक तरफेतला काही मुलूख सुलतानाच्या खासगीकडे वळवला, तिथला महसूल सरळ राजाच्या खजिन्यात.

सैन्याच्या पगाराचाही हिशेब बसवला. पाचशे शिपाई बाळगणाऱ्या सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत, ते पुढे सव्वा लाख झाले. रोख मिळणार नसेल तर तेवढ्या उत्पन्नाची जहागीर. मात्र मोजणीत शिपाई कमी भरले तर तेवढी रक्कम कापली जाई. यातही गंमत अशी की वाढ आणि कपात दोन्ही एकाच हुकमात होती. पैसे जास्त घ्या, पण कागदावरचे शिपाई खरेच उभे करा. जमिनीची मोजणी करून गावांच्या हद्दी ठरवल्या आणि महसुलाची आकारणी नव्याने केली.

याच काळात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बीदरमध्ये राहून गेला. सुलतान तरुण आहे, पण राज्य खुरासानी सरदारांच्या हाती आहे, असे त्याने लिहून ठेवले. मलिक-उत-तुज्जारच्या फौजेचा दरारा त्याने पाहिला होता. खेड्यातली माणसे अतिशय गरीब आणि सरदार चैनीत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. गवानच्या सुधारणांनी राजाचा खजिना भरला. कुणब्याचे घर भरले असे म्हणायला आधार नाही.

सरदार का बिथरले?

ज्यांची ताकद अर्धी झाली ते खूश राहण्याचे कारण नव्हते. त्यातही मलिक हसन निजाम-उल-मुल्क हा तेलंगणाचा तरफदार जास्त दुखावला. हा मराठवाड्याचाच माणूस. परंपरेनुसार त्याचे घराणे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे कुलकर्णी, त्याचे मूळ नाव तिमाप्पा. लहानपणी लढाईत हाती लागला, मुसलमान झाला, राजवाड्यात राजपुत्राबरोबर वाढला आणि कर्तृत्वाने वर चढला. आपल्या तेलंगणाचे दोन तुकडे झालेले त्याला सहन झाले नाहीत. त्याच्या रागाला एक आधारही होता. सगळ्यांच्या तरफा तोडणाऱ्या गवानने विजापूरची नवी तरफ स्वतःकडे ठेवली होती. दख्खनी सरदारांना ही सुधारणा कमी आणि आफाकी वजिराची मक्तेदारी जास्त वाटली. गवानच्या चरित्रकारांनी ही बाजू सहसा मोकळेपणाने मांडलेली नाही.

१४८१ च्या वसंतात सुलतान दक्षिणेच्या मोहिमेवर होता. कांचीची लूट पदरात पडली होती. युसूफ आदिलखान, गवानचा भरवशाचा माणूस, छावणीपासून दूर होता. संधी साधून जरीफ-उल-मुल्क दख्खनी आणि मिफ्ताह हबशी यांनी गवानची मोहोर सांभाळणाऱ्या गुलामाला भेटी आणि दारू देऊन वश केले. कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली. त्यावर ओरिसाचा राजा पुरुषोत्तम याला बहमनी राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले. ते पत्र मलिक हसनच्या मध्यस्थीने सुलतानापुढे आले.

मुहंमदशहाने तडकाफडकी बोलावणे पाठवले. स्नेह्यांनी गवानला सावध केले. घोडदळ घेऊन गुजरातकडे निघून जा, असा सल्लाही मिळाला. तो गेला नाही. सुलतानापुढे त्याने मोहोर आपली असल्याचे मान्य केले आणि पत्र आपले नसल्याचे सांगितले. चौकशी झाली नाही. सुलतानाने जौहर या हबशी गुलामाला खूण केली. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरीतल्या गवानचे शिर उडवले गेले.

नंतर त्याची संपत्ती जप्त करायला माणसे गेली. वीस वर्षे राज्य चालवणाऱ्या माणसाच्या खासगी पेटीत मोजकीच नाणी निघाली. गिलानहून आणलेल्या भांडवलाचा व्यापार त्याने चालू ठेवला होता आणि स्वतःचा खर्च त्या नफ्यातून होई. बाकीचे सैन्यावर आणि दानधर्मात जाई. बीदरला त्याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही उभा आहे. तीन मजली इमारत, निळ्या रंगीत फरशा, तीन हजार ग्रंथांचे ग्रंथालय. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये झालेल्या स्फोटात तिचा मोठा भाग ढासळला. औशाचा किल्लाही परंपरेने त्याच्याच नावावर सांगितला जातो.

मग राज्य का फुटले?

सुलतानाला खरे कळले तेव्हा उशीर झाला होता. पहिली ठिणगी माहूर आणि गाविलगडच्या तरफदारांकडून पडली. खुदावंतखान आणि इमाद-उल-मुल्क यांनी आपले तळ सुलतानाच्या छावणीपासून अंतर राखून ठोकले. गवानसारख्याचा निकाल चौकशीविना लागतो, तिथे आपले काय, ही त्यांची भीती होती. हे दोघे आफाकी नव्हते. एक हबशी, दुसरा मूळचा कानडी ब्राह्मण. वजिराच्या खुनाने त्याच्या गटापेक्षा सुलतानाचाच भरवसा जास्त गेला होता. वर्षभरात, मार्च १४८२ मध्ये, मुहंमदशहा वारला. पुन्हा एक अल्पवयीन मुलगा गादीवर.

किल्ल्यांच्या किल्ल्या बीदरला होत्या खऱ्या, पण त्या सांभाळणारे कुणी बीदरमध्ये उरले नाही. मलिक हसन नायब झाला. गवानचे किल्ल्यांचे नियम गुंडाळले गेले. १४८६ मध्ये बीदरमध्येच मलिक हसनचाही खून झाला. १४९० च्या सुमारास त्याचा मुलगा अहमद जुन्नरला, युसूफ आदिलखान विजापूरला आणि इमाद-उल-मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाले. गवानने रेखलेल्या तरफांच्याच हद्दींवर नवी राज्ये उभी राहिली.

लातूर आणि नांदेडच्या वाट्याला बरीद घराणे आले. कासिम बरीद या तुर्क सरदाराने कंधार, औसा आणि उदगीर आपल्या जहागिरीत घेतले आणि सुलतानाला बाहुले करून बीदरवर बसला. त्याचा मुलगा अमीर बरीद याने १५१७ मध्ये माहूरवर चाल केली. त्या लढाईत खुदावंतखान मारला गेला. १५२९ मध्ये विजापूरकरांनी अमीर बरीदलाच उदगीरजवळच्या छावणीत पकडले, तेही दारूच्या नशेत झोपलेला असताना. पलंगासकट त्याला उचलून नेल्याची कथा आहे.

बरीदांकडूनही हे तीन किल्ले गेले. १५४० च्या दशकात औसा, उदगीर आणि कंधार अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने घेतले. त्याआधी इमादशाहीशी भांडून त्याने पाथरीही मिळवली होती. ते त्याच्या पूर्वजांचे गाव होते. बुऱ्हाण हा मलिक हसनचा नातू.