विश्लेषण : आदिवासी मुले शाळेत शिकत नाहीत, हा समज ताराबाई मोडक यांनी कसा मोडला?

शिक्षकाची मुलाकडून काय अपेक्षा आहे, यावर ते मूल किती शिकेल हे काही अंशी ठरते, असे शिक्षणशास्त्र गेली सुमारे सहा दशके सांगत आले आहे. ही चर्चा जगात सुरू होण्याच्या कितीतरी आधी बोरिवलीपासून काही तासांच्या अंतरावर, डहाणूच्या पट्ट्यात हा प्रश्न एका बाईंनी प्रत्यक्ष हाताळला होता. ताराबाई मोडक यांचे ते काम आजच्या अंगणवाडीपर्यंत कसे पोहोचले, याविषयी…

अपेक्षांचा परिणाम म्हणजे काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत एक प्रयोग केला. सर्व मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितले, की यातली साधारण एक पंचमांश मुले यंदा झपाट्याने पुढे जातील. ही नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी कशीही निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांतील अशा मुलांची प्रगती इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली, वरच्या वर्गांत मात्र फारशी नाही. १९६८ मध्ये याचे पुस्तक आले आणि त्यावर वादही झाला. पुढच्या अभ्यासांतून निघालेले चित्र जास्त संयत आहे. हा परिणाम खरा असला तरी बहुतेक ठिकाणी छोटा असतो. ज्या समाजाच्या मुलांवर आधीच शिक्का बसलेला आहे, त्यांच्याबाबत तो मोठा असू शकतो.

परिणाम घडतो तो वागण्यातून. ज्या मुलाकडून आशा असते त्याच्याशी शिक्षक जरा मायेने बोलतो, त्याला जास्त शिकवतो, उत्तर द्यायला जास्त वेळ देतो, चुकले तर कुठे चुकले ते समजावतो. बाकीच्यांना बस खाली म्हणून पुढे जातो.

ताराबाई मोडक कोण होत्या?

जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, आई उमाबाई. दोघांचा विवाह त्या काळी धाडसाचा मानला गेलेला विधवाविवाह होता. मुलीने शिकावे ही अपेक्षा या घरात गृहीत होती. आजूबाजूच्या बहुतेक घरांत ती नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त झाल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यपदी काम केले. विभक्त झालेल्या बाईकडून त्या काळच्या समाजाची काय अपेक्षा असे, हे वेगळे सांगायला नको. ताराबाईंनी तिची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

राजकोटहून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि इथे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. गिजुभाई मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने बालमंदिर चालवत होते. ही पद्धत आज महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते, म्हणून तिचे मूळ लक्षात ठेवायला हवे. माँटेसरी आधी रोममध्ये मतिमंद ठरवलेल्या मुलांना शिकवत होत्या. त्यातली काही मुले इतरांच्या बरोबरीने परीक्षेत उतरली, तेव्हा त्यांना प्रश्न पडला की मग धडधाकट मुलांना कोण मागे खेचत आहे? त्यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये उघडले तेही रोमच्या गरीब वस्तीत.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी सांभाळली. १९३६ मध्ये त्या मुंबईत परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केले.

दादर सोडून बोर्डी कशासाठी?

शिशुविहार चांगले चालले होते. पण तिथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती, ज्यांच्याकडून शिकण्याची अपेक्षा जन्मापासूनच असते. हे शिक्षण खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला चालेल का, हा प्रश्न सुटलेला नव्हता. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा होत्या आणि नोकरी करत शिकलेल्या शिक्षिका. पुढची सारी वर्षे या दोघींची नावे एकत्रच घेतली गेली.

साल महत्त्वाचे आहे. याच वर्षी याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. सावकार आणि जमीनदारांच्या नजरेत वारली म्हणजे राबणारे हात. त्यांच्या मुलांनी अक्षर गिरवावे, अशी अपेक्षा कोणाची असणार?

मुले आलीच नाहीत, तेव्हा काय झाले?

बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले काही तिकडे फिरकेनात. इथे सोपे उत्तर तयार होते : यांना शिक्षणाची गोडी नाही. अनेक शाळांनी ते आधीच देऊन टाकले होते, आजही देतात. ताराबाईंनी ते स्वीकारले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, असे ठरले आणि शिक्षिका वस्तीत जाऊन कोणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. मुलांना आधी अंघोळ, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची आयात साधने परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांवर मोजणे, लावणे, जुळवणे शिकता येते. केंद्रात भरे ती मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणात भरे ती अंगणवाडी.

या ठिकाणी ताराबाईंच्या स्वतःच्या अपेक्षाही बदलल्या, हे फारसे सांगितले जात नाही. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, स्वच्छ कपड्यांत मूल येईल, ही दादरच्या शाळेची अपेक्षा होती. ती सोडावी लागली. मूल शिकेल ही अपेक्षा मात्र एक इंचही खाली आणली नाही. आपल्याकडे अनेकदा नेमके उलटे होते : हजेरीचा आग्रह कायम, शिकण्याचा सोडून दिलेला.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे अडचण आणखी मोठी होती. सात-आठ वर्षांचे वारली मूल घरात कामाचे असते. ते गुरे-शेळ्या राखते, सरपण आणते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते. त्याला शाळेत घालायचे म्हणजे घरातले एक माणूस कमी करायचे. आईबापांची शाळेकडून अपेक्षा शून्य होती आणि ती चुकीचीही नव्हती. शाळेने त्यांना तोवर काही दिलेच नव्हते.

म्हणून एकेका अडचणीवर एकेक तोड काढली गेली. गुरे चरतात तिथेच, कुरणावर शाळा भरवायची. गुरांवर डोळा ठेवून शिकायचे. ज्यांना दिवसा जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. आणि धाकट्या भावंडामुळे मोठी बहीण अडकते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. या रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. मुलीच्या शिक्षणावर भाषणे देण्यापेक्षा हा पाळणा जास्त कामाचा होता.

या कामाच्या मर्यादा कोणत्या?

अपेक्षा वाढवली की सगळे साधते, असा निष्कर्ष कोसबादवरून काढणे चूक ठरेल. शिक्षिका रोज चालत पाड्यावर जात होत्या. त्या श्रमांशिवाय अपेक्षा हवेतच राहिली असती. जमीन, मजुरी, भूक हे प्रश्न शाळेच्या हातात नव्हते. शिवाय एका-दोघींच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम सरकारी योजनेत जाते, तेव्हा त्यातले किती टिकते, हा प्रश्न उरतोच. अंगणवाडी सेविका आजही मानधनावर काम करतात. पोषण आहार, नोंदी, सर्वेक्षणे यांतून शिकवायला उरेल तो वेळ त्यांचा. तिच्याकडून खूप काही अपेक्षित आहे, पण तिला देण्याबाबत तेवढा उत्साह दिसत नाही.

आज याचे काय?

आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आजही वारली पाडे आहेत. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत गल्लीबोळांत अंगणवाड्या भरतात. त्याच उपनगरांत काही अंतरावर तीन वर्षांच्या मुलाने लिहायलाच हवे म्हणून पालक रांगेत उभे असतात. ताराबाईंच्या पद्धतीत या वयाला लेखनाची सक्ती नव्हती, हे त्या पालकांना कोणी सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले जाऊ लागले. हा शब्द देशभर गेलेला पाहायला ताराबाई नव्हत्या. अनुताई होत्या. १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे काम कोसबादच्याच टेकडीवर चालू होते.